चौथीच्या वर्गात आयडिटारॉड: स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांबरोबरचे माझे सहा मार्च

काळा_फळा (30 मार्च 2025)

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत एका प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. दरवर्षी मार्चमध्ये तीन आठवडे आमचा अख्खा वर्ग मनाने अलास्कात असतो. निमित्त आयडिटारॉड, म्हणजे कुत्र्यांनी ओढायच्या स्लेजची साधारण 1,000 मैलांची (1,600 किमी) शर्यत. अँकरेजला वाजतगाजत निघायचं, दुसऱ्या दिवशी विलो गावातून खरी सुरुवात करायची आणि बेरिंग समुद्राकाठच्या नोमला पोचायचं. मध्ये डोंगर, युकॉन नदी आणि गोठलेला किनारा. गाडीवानाला 'मशर' म्हणतात. मशर एकटा, पुढे जास्तीत जास्त 16 कुत्रे, हातात लगाम नाही. जे काय सांगायचं ते तोंडाने. 'जी' म्हणजे उजवीकडे, 'हॉ' म्हणजे डावीकडे.

यंदाचा सहावा मार्च. पहिल्या वर्षी मी जे केलं त्याला शिकवणं म्हणायला जीभ रेटत नाही. हस्कीची चित्रं रंगवली, कापसाचा बर्फ चिकटवला, 1925 मध्ये नोमला औषध पोचवणाऱ्या बाल्टो कुत्र्याची गोष्ट सांगितली, संपलं. मुलं खूश, मुख्याध्यापिका खूश, मी मात्र अस्वस्थ. तिकडे खरी शर्यत चालू होती आणि आम्ही कापूस चिकटवत होतो!

दुसऱ्या वर्षापासून रोजचे खरे आकडे वर्गात आणायला लागले. प्रत्येक चेकपॉइंटला कोण किती वाजता आलं, किती वाजता निघालं, येताना किती कुत्रे होते, निघताना किती, हे शर्यतीच्या संकेतस्थळावर दिसतं. मुलांनी एकेक मशर निवडायचा आणि रोज सकाळी त्याची नोंद तक्त्यात करायची. आमच्या सकाळी आठला अलास्कात पहाटेचे पाच, त्यामुळे वेळेचं गणित दारातच भेटतं.

पण इथेच मी तोंडघशी पडले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी एका मुलाच्या मशरने शर्यत सोडली. याला तिथे 'स्क्रॅच' म्हणतात. तो मुलगा सकाळी उत्साहाने तक्त्यापाशी गेला आणि तसाच परत येऊन बाकावर डोकं ठेवून बसला. आता त्याने पुढचे दहा दिवस काय करायचं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी घाईत म्हटलं, "दुसरा निवड." तो म्हणाला, "मग तो माझा कसा होईल?"

बरोबरच होतं त्याचं. या शर्यतीत स्क्रॅच होणं हा अपवाद नाही, दरवर्षी काहीजण सोडतातच. म्हणजे चूक माझ्या आखणीत होती. आता मशर तिघांच्या गटाला मिळतो, आणि ज्यांचा मशर बाहेर पडतो तो गट कुत्र्यांचा हिशोब हातात घेतो. सगळ्या संघांतले मिळून आज किती कुत्रे वाटेवर आहेत, किती परत पाठवले, कुठून पाठवले. थकलेला किंवा लंगडणारा कुत्रा मशर चेकपॉइंटवर पशुवैद्यांकडे सोपवतो आणि तो विमानाने परत येतो. एकदा सोडलेला कुत्रा पुन्हा जुंपता येत नाही, बदली कुत्रा घेता येत नाही. हा हिशोब ठेवणारी मुलं पाचव्या दिवसापासून वर्गातली सर्वांत जाणकार होतात. "यानं 16 घेऊन सुरुवात केली, आता 11 वर आलाय, पुढे किनाऱ्यावर वारा आहे, आज हा विश्रांती घेणार," असं छातीठोक सांगतात, आणि बऱ्याचदा बरोबर ठरतात.

यंदाची गंमत वेगळीच. जानेवारीत आम्ही भिंतभर नकाशा केला होता. विलो, स्क्वेंटना, रेनी पास, रोन, सगळं सुबक अक्षरात. फेब्रुवारीच्या मध्यात बातमी आली: अलास्का पर्वतराजीत बर्फच पुरेसं नाही, म्हणून सुरुवात फेअरबँक्सहून. याआधी 2003, 2015 आणि 2017 मध्येही असं झालं होतं. नव्या मार्गात युकॉनवर खाली जाऊन परत वर यायचं होतं, आणि लांबी झाली 1,128 मैल, आजवरची सर्वांत जास्त. नकाशाचा डावा भाग वाचला, उजवा फाडावा लागला. फाडताना एका मुलीने विचारलं, "बर्फाच्या शर्यतीला बर्फ कमी का पडलं?" पुढचे दोन विज्ञानाचे तास तिथेच गेले.

कुणी असं काही वर्गात केलं असेल, किंवा अलास्कात राहिलं असेल, तर जरूर लिहा. आक्षेपही चालतील.

---

नवखी_बाई

वाचनखूण साठवली आहे. माझं शिकवण्याचं पहिलंच वर्ष, त्यामुळे भाबडे प्रश्न विचारते. रोज किती वेळ देता? आणि नेमलेल्या अभ्यासक्रमाचं काय? आमच्याकडे तर गुरुवारपर्यंत कुठलं पान संपलं पाहिजे हेही वरून ठरतं.

---

काळा_फळा

@नवखी_बाई, सकाळी पंधरा मिनिटं तक्ता. बाकी वेगळा वेळ देतच नाही. त्या आठवड्यांत गणित, वाचन, भूगोल यांत जे शिकवायचं असतं त्यातली उदाहरणं शर्यतीची घ्यायची. मार्चमध्ये आमच्याकडे वेळेची वजाबाकी आणि अपूर्णांक असतात, ते आयतेच जमतात.

एकच सल्ला. 'जितकी पानं वाचाल तितके मैल' ही वाचनस्पर्धा बरेच शिक्षक करतात. मी एकदा केली. मुलं पानं उलटत सुटली, नोमला पोचायच्या घाईत कुणाला गोष्ट आठवेना. केलीच तर पानांऐवजी मिनिटं मोजा.

---

त्रैराशिक

धागा आवडला. गणिताबद्दल बोलायला मला कुणी बोलवावं लागत नाही, तेव्हा घुसतोच.

यातलं माझं सर्वांत आवडतं गणित सुरुवातीचं. संघ दोन दोन मिनिटांच्या अंतराने सोडतात. बिब (अंगावर लावायचा) क्रमांक 1 कुठल्याच स्पर्धकाला देत नाहीत, तो कुणाच्या तरी सन्मानार्थ राखीव असतो. म्हणून पहिला सुटतो तो क्रमांक 2. समजा 33 संघ आहेत, तर शेवटचा क्रमांक 34. तो सुटेपर्यंत पहिला 64 मिनिटं पुढे गेलेला. हा अन्याय झाला की नाही?

मग तो भरून कुठे काढतात? प्रत्येकाला वाटेत एकदा सलग 24 तास थांबावंच लागतं, त्या थांब्यात. क्रमांक 34 बरोबर 24 तास थांबतो, क्रमांक 2 मात्र 25 तास 4 मिनिटं. त्यानंतर सगळे समान पातळीवर. म्हणजे हा थांबा होईपर्यंत 'सध्या पुढे कोण' हा प्रश्नच फसवा आहे. मुलांना आधी उत्तर सांगू नका. पुढे असलेला संघ अचानक एक दिवस मागे का पडला, हे त्यांनाच शोधू द्या.

दुसरं, सरासरी वेग. 2017 मध्ये मिच सीव्ही 8 दिवस 3 तास 40 मिनिटांत पोचला, तो विक्रम आहे. म्हणजे जवळपास 196 तास, अंतर हजाराच्या आसपास मैल. भागाकार करा: ताशी 5 मैल.

---

काळा_फळा

@त्रैराशिक, अगदी! हे उत्तर आलं की वर्गात दरवर्षी तोच गलका होतो. "पाचच? मी याहून जोरात पळतो!" मग विचारते, पळणारा कुत्रा ताशी 9 मैलांनी जातो असं धरलं तर हजार मैलांना किती तास? 111. मग उरलेले 85 तास तो काय करत होता?

शांतता. आणि मग कुणीतरी हळूच म्हणतं, "झोपला होता."

तिथून पुढे विश्रांती हा विषय उघडतो. 24 तासांचा थांबा, युकॉनवर 8 तासांचा, आणि व्हाइट माउंटनला पुन्हा 8 तासांचा. तिथून नोम फक्त 77 मैल राहिलेलं असतं आणि तरी थांबायचं. मुलांना हे शेवटचं फार छळतं. शिवाय या सगळ्या थांब्यांत मशर स्वतः फारच थोडा झोपतो. गवताच्या पेंढ्या पसरायच्या, बर्फ वितळवून पाणी करायचं, खाणं शिजवायचं, प्रत्येक पाऊल तपासायचं, पावलांवर बुटी (छोटे बूट) चढवायच्या. 16 कुत्र्यांचे 64 पाय!

सुरुवातीला एकदा जीपीएसचा ठिपका एकाच जागी सहा तास दिसला तेव्हा मुलांना वाटलं मशर हरवला. आता ठिपका थांबला की माझा वर्ग कुजबुजत बोलतो. कुत्रे झोपलेत ना!

---

जुनी_पाने

लेख छान, पण एक दुरुस्ती सुचवतो. बाल्टोची गोष्ट सांगताना शिक्षक हमखास सांगतात की ही शर्यत 1925 च्या औषधाच्या धावेची आठवण म्हणून सुरू झाली. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण पुढे कुणी लिहिण्याआधी मांडतो.

1925 च्या जानेवारीत नोममध्ये घटसर्पाची साथ आली. हवं होतं प्रतिविष, म्हणजे सीरम. (लस नव्हे! हे मराठीत सर्रास चुकीचं छापतात.) सीरम अँकरेजहून रेल्वेने नेनाना या स्टेशनपर्यंत आलं आणि तिथून 674 मैल कुत्र्यांच्या गाड्यांनी हातोहात नेलं. 20 मशर, सुमारे 150 कुत्रे, साडेपाच दिवसांच्या आत. 2 फेब्रुवारीच्या पहाटे गुन्नार कासेन नोमला पोचला, त्याच्या गाडीपुढे बाल्टो होता.

आयडिटारॉड शर्यतीचं मूळ दुसरीकडे आहे. 1960 च्या दशकात स्नोमोबिल (बर्फावर चालणाऱ्या मोटारी) आल्या आणि अलास्कातल्या गावांच्या दारातून कुत्रे हटू लागले. टपालाची शेवटची कुत्र्यांची गाडी 1963 मध्ये बंद झाली. डोरोथी पेज यांच्या डोक्यात शर्यतीची कल्पना होती, जो रेडिंग्टन यांनी ती उचलून धरली. रशियाकडून अलास्का विकत घेतल्याच्या शताब्दीला, 1967 मध्ये, एक छोटी शर्यत झाली आणि 1973 मध्ये पहिल्यांदा थेट नोमपर्यंत. रेडिंग्टन यांना कुत्रे वाचवायचे होते आणि जुनी वाटही. वाटेचं नाव ज्या आयडिटारॉड गावावरून पडलं ते सोन्याच्या शोधात वसलं आणि सोनं संपल्यावर ओस पडलं. सीरमची वाट आणि शर्यतीची वाट फक्त पुढच्या भागात एक होते.

---

शंकासुर

मग बाल्टोचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात आणि टोगो या दुसऱ्या कुत्र्याचा तिथे का नाही, हाही प्रश्न मुलांना घाला. सेपाला या मशरच्या टोगोने सीरम 91 मैल ओढलं, म्हणजे सर्वांत लांबचा टप्पा, आणि तोही गोठलेल्या नॉर्टन साउंड या खाडीवरून. ते हातात घ्यायला नोमहून पुढे गेलेलं अंतर धरलं तर टोगोची एकूण धाव 260 मैलांच्या वर जाते. तेव्हा तो 12 वर्षांचा होता. पण शेवटच्या टप्प्याला जो पुढे होता त्याचा फोटो छापला गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात पुतळा उभा राहिला.

---

त्रैराशिक

674 मैल, 127.5 तास. ताशी 5.3 मैल. म्हणजे 1925 च्या वादळातला वेग आणि 2017 च्या विक्रमाचा वेग जवळपास सारखाच! फरक असा की तिकडे प्रत्येक टप्प्याला ताजे कुत्रे होते आणि इकडे तेच कुत्रे शेवटपर्यंत. या दोन आकड्यांची थेट तुलना करता येईल का, यावर चौथीची मुलं काय म्हणतील हे ऐकायला आवडेल.

---

भूभूप्रेमी

सगळे इतके रंगलेत म्हणून लिहू की नको असं झालं होतं. पण लिहिते.

मला हे वर्गात आणणं पटत नाही. 2024 मध्ये या शर्यतीत तीन कुत्रे मेले. यंदाही एक गेला. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संघटना वर्षानुवर्षं बोंबलतायत, मोठ्या कंपन्यांनी पाठिंबा काढून घेतला. कुत्र्याने "मला पळायचंय" असं कुठल्या कागदावर सही करून दिलेलं नाही. नऊ वर्षांच्या मुलांपुढे आपण हे 'साहस' म्हणून ठेवतो, यात काहीतरी खटकतं. आणि तुमच्या लेखात या बाजूचा एक शब्द नाही, याचं जास्त वाईट वाटलं.

---

मुक्काम_पोस्ट

@भूभूप्रेमी, तुमचा मुद्दा मान्य करूनही एक सांगतो. मी चार वर्षं अँकरेजला होतो. शर्यतीच्या आदल्या रात्री ट्रकने बर्फ आणून फोर्थ अव्हेन्यूवर पसरतात, कारण एरवी तो रस्ता बर्फ हटवून साफ केलेला असतो. सकाळी तिथे शेकडो कुत्रे एकदम भुंकत, उड्या मारत, दोर ताणत असतात. इतका गोंगाट की शेजारच्याचं ऐकू येत नाही. गाडी मागे बांधून ठेवावी लागते, माणसं धरून ठेवतात, नाहीतर हे आधीच निघून जातील. आणि 'चल' म्हटल्याच्या क्षणी भुंकणं बंद. एकदम. फक्त पावलांचा आणि स्लेजच्या पट्ट्यांचा आवाज. ज्याला पळायचं नाही तो प्राणी असं करत नाही, एवढं माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

अवांतर: ही कुत्री चित्रातल्या निळ्या डोळ्यांच्या झुबकेदार हस्की नसतात. अलास्कन हस्की म्हणजे संकर, अंगाने सडपातळ, 20-25 किलोची. पहिल्यांदा पाहणारे हमखास विचारतात, "हीच का ती?"

---

भूभूप्रेमी

पळण्याची आवड मी नाकारत नाहीये. माझा कुत्राही चेंडूमागे जीव जाईस्तोवर पळेल. म्हणूनच कधी थांबायचं हे मला ठरवावं लागतं. आवड आहे म्हणून हजार मैल, हे गणित मला समजत नाही.

---

काळा_फळा

@भूभूप्रेमी, बरं झालं लिहिलंत. पहिल्या लेखात हे नव्हतं ही माझी चूक. खरं तर माझ्या सहा वर्षांतला सर्वांत अवघड आठवडा 2024 मधला तोच होता.

2024 च्या आधीची काही वर्षं एकही कुत्रा दगावला नव्हता, त्यामुळे मी बेसावध होते. पहिली बातमी आली त्या सकाळी ती मुलांच्या आधी मी वाचली. मला तक्ता त्या दिवसापुरता झाकून ठेवता आला असता. खोटं कशाला बोलू, मी झाकलाही. आठ वाजून दहा मिनिटांनी एका मुलीने विचारलं, "झाकलाय म्हणजे कुणीतरी मेलं का?" मी तक्ता उघडला.

आम्ही नियम वाचला. कुत्रा दगावला तर मशरला शर्यत सोडावी लागते, अपवाद फक्त बाहेरून आलेल्या, टाळता न येणाऱ्या धोक्याचा. मग शवविच्छेदन होतं. सुरुवातीआधी प्रत्येक कुत्र्याचं रक्त आणि हृदयाचा आलेख तपासतात, वाटेत प्रत्येक चेकपॉइंटवर पशुवैद्य असतात, मशरला पशुवैद्यांची वही सोबत बाळगावीच लागते. हे सगळं वाचून झाल्यावर एक मुलगा म्हणाला, "एवढं सगळं करूनही?" आणि दुसरी म्हणाली, "म्हणजे न पळवता घरी ठेवले असते तर?" मी दोघांनाही उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे नव्हतं. त्या आठवड्यात मुलांनी शर्यतीच्या आयोजकांना किंवा विरोध करणाऱ्यांना, कुणालाही एक पत्र लिहायचं असं ठरवलं. वर्ग जवळजवळ अर्धा-अर्धा वाटला गेला. तीन मुलांनी दोघांनाही लिहिलं.

एका पालकांनी मला भेटायला बोलावलं. त्यांचं म्हणणं तुमच्यासारखंच होतं. त्यांच्या मुलीला मी त्या तीन आठवड्यांत दुसरं काम देऊ केलं, तिने नको म्हटलं आणि परत पाठवलेल्या कुत्र्यांच्या गटात जाऊन बसली. पालक अजूनही माझ्याशी सहमत नाहीत. मीही पूर्ण सहमत आहे का, असं विचाराल तर मार्च सोडून बाकीच्या महिन्यांत मला शंका असते.

---

शंकासुर

प्रामाणिक उत्तर. कुत्र्यांबद्दल मलाही शंका आहे, पण ती तूर्त बाजूला ठेवतो.

2024 चाच मूसचा प्रसंग घेतलात की नाही?

---

काळा_फळा

घेतला तर! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शर्यतीच्या सुरुवातीलाच डॅलस सीव्ही या मशरच्या वाटेत मूस (हरणाच्या कुळातलं मोठं जनावर) आडवा आला, कुत्र्यांच्या दोरांत अडकला, एका कुत्र्याला गंभीर इजा झाली. सीव्हीने मूसला गोळी घातली. आता नियम असा की जीव वाचवायला मोठं जनावर मारलं तर पुढे जाण्याआधी त्याचं पोट साफ करायचं, म्हणजे मांस वाया जाणार नाही, आणि पुढच्या चेकपॉइंटला कळवायचं. पंचांनी ठरवलं की त्याने ते नीट केलं नाही. दोन तासांची शिक्षा. तरीही तो जिंकला, सहाव्यांदा, आणि इतक्या वेळा जिंकलेला तो पहिलाच.

वर्गात मी विचारलं, दोन तास बरोबर की चूक? मला वाटलं होतं चर्चा सीव्हीवर होईल. झाली मांसावर. "मांस वाया का घालवायचं नाही?" तिथून आम्ही वाटेवरच्या गावांपर्यंत पोचलो, जिथे रस्ता नाही, सामान विमानाने येतं आणि शिकार हा हिवाळ्याचा साठा असतो. निकोलाय, रुबी, नुलाटो ही आतली गावं अथाबास्कन लोकांची. शाक्टूलिक, कोयुक, एलिम किनाऱ्यावरची, तिथे इनुपियाट आणि युपिक. (शिक्षकांना विनंती: 'एस्किमो' हा शब्द आता सोडा.) जॉन बेकर 2011 मध्ये जिंकला तो इनुपियाट, पीट कायसर 2019 मध्ये जिंकला तो युपिक. मुलांनी आधी काढलेल्या चित्रांत सगळे मशर बाहेरून आलेले होते, गावं म्हणजे नुसते ठिपके. मूसच्या तासानंतर ठिपक्यांत घरं आली.

---

नवखी_बाई

कुत्रे वर्गात आणता का? आमच्याकडे एका मशरला बोलवायचं चाललंय.

---

काळा_फळा

नाही. दोन मुलांना ॲलर्जी, एकाला भीती. आम्ही स्वतःच कुत्रे होतो.

कॉरिडॉरमध्ये लांब दोर टाकते, त्याला गँगलाइन म्हणतात. दोन्ही बाजूंना जोड्या. सर्वांत पुढे लीड, त्यांच्या मागे स्विंग, मग टीम आणि स्लेजला लागून व्हील. मागे मशर म्हणून एक मूल, ते फक्त बोलणार. पहिल्यांदा केलं तेव्हा सगळ्यांना लीड व्हायचं होतं, व्हील व्हायला कुणी तयार नाही. मशर ओरडला "हॉ!", पुढचे झकास डावीकडे वळले, मधले ओढले गेले आणि व्हीलवाली जोडी कोपऱ्यावरच्या पाण्याच्या फाउंटनवर जाऊन आदळली. कुणाला लागलं नाही, पण स्लेज झाडावर जाऊ नये म्हणून वळणावर बाहेरच्या बाजूला कोण जोर लावतं, हे त्या दिवशी कळलं. आता व्हीलसाठी भांडणं होतात.

कॉरिडॉरच्या बाजूच्या वर्गातल्या बाई माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत, तो भाग वेगळा.

मशर येणार असेल तर त्यांना एकच सांगा: भाषण नको, स्लेजची पिशवी उघडून एकेक वस्तू काढा. कुऱ्हाड, स्नोशूज, झोपायची पिशवी, चूल, भांडं, प्रत्येक कुत्र्यामागे 8 बुटी. कशासाठी, हे मुलांनी ओळखायचं. नोमला पोचवायची पत्रंही असतात त्यात, जुन्या टपालाची आठवण म्हणून.

---

मुक्काम_पोस्ट

यात भर: 14 ते 17 वयाच्या मुलांची ज्युनिअर आयडिटारॉडही असते, 1978 पासून. साधारण 150 मैल, एक रात्र वाटेत काढायची. तुमच्या चौथीच्या मुलांना 'मोठे मशर' दूरचे वाटत असतील तर ही दाखवा, पाचच वर्षांचा फरक.

आणि @काळा_फळा, वाटेवरच्या शिक्षकासाठी अर्ज केलात का कधी? 1999 पासून दरवर्षी एका शिक्षकाला निवडतात. छोट्या विमानातून चेकपॉइंट-चेकपॉइंट फिरायचं आणि जगभरच्या वर्गांसाठी तिथून लिहायचं.

---

काळा_फळा

अर्ज दोनदा भरून अर्धवट ठेवलाय. मला छोट्या विमानाची भयंकर भीती वाटते. वर्गाला हे माहीत आहे आणि ते मला 'स्क्रॅच' म्हणतात.

---

त्रैराशिक

:हाहा:

एक राहिलं. थंडीचा आलेख काढता का? सेल्सिअस आणि फॅरनहाइटच्या रेषा उणे 40 ला एकमेकींना छेदतात. वाटेवर तितकी थंडी खरोखर पडते, त्यामुळे तो बिंदू नुसता वहीतला राहत नाही.

---

काळा_फळा

काढतो. पण आमच्याकडे जास्त गाजला तो खाण्याचा आलेख. शर्यतीतला कुत्रा दिवसाला 10,000 कॅलरींच्या आसपास खातो. एका मुलीने हिशोब केला: "तो माझ्यापेक्षा वजनाने कमी आणि माझ्या पाचपट खातो." दुपारी डबा संपवायला नको म्हणणारं पोर ते, त्या दिवशी दोनदा वाढून घेतलं.

---

भूभूप्रेमी

माझं मत बदललेलं नाही, पण ते पत्रांचं वाचून बरं वाटलं.

एक विचारते. जिंकणारा पोचला की वर्गातलं सगळं संपतं का? कारण टीव्हीवर तर तिथेच संपतं. मागचे तर वाटेवरच असतात ना, त्यांच्या कुत्र्यांसकट.

---

काळा_फळा

@भूभूप्रेमी, नाही संपत. शेवटच्या मशरला लाल कंदील देतात, तसा पुरस्कारच आहे. नोममध्ये पहिल्या दिवसापासून एक दिवा लावलेला असतो, तो शेवटचा संघ येईपर्यंत तेवता ठेवतात. पूर्वी रोडहाउसवर वाटेतल्या गाडीवानांसाठी दिवा टांगत, ती पद्धत. 1973 मध्ये जिंकायला 20 दिवस लागले आणि शेवटचा आला 32 दिवसांनी! आता इतका उशीर होत नाही, पण जिंकणाऱ्यानंतरही काही दिवस जातातच.

आमच्या वर्गातही बॅटरीवरचा लाल कंदील खिडकीत असतो. तिसऱ्या वर्षी शुक्रवारी घरी जाताना मुलांनी मला बजावलं, "बंद करू नका, अजून एकजण बाहेर आहे." शाळा झाडून-पुसून बंद करणाऱ्या गृहस्थांनाही चिठ्ठी लावली. सोमवारी येऊन बघतो तर कंदील विझलेला. मशर तोवर नोमला पोचलाही होता. पण कंदील त्याच्या आधी विझला की नंतर, यावर वर्गात उभी फूट पडली. एका गटाने बॅटरी किती तास चालते याचा प्रयोगच मांडला, नवे सेल घालून, दर तासाला नोंद करत. निकाल आमच्या विरुद्ध गेला. शनिवारी रात्रीच विझला असणार. मशर रविवारी पोचला होता.

मग सगळ्यांनी मिळून त्याला माफीचं पत्र लिहिलं.

---

नवखी_बाई

आई गं! उत्तर आलं का?

आणि सेल कुठले घालता? मी पुढच्या मार्चची तयारी आत्तापासून करतेय.

---

काळा_फळा

उत्तर आलं, जूनमध्ये, शाळा सुटल्यावर. घरोघरी पाठवलं.

मोठे, डी साइझचे, चार लागतात. दुसरा संच कपाटात ठेवा, आणि शुक्रवारी दुपारी घरी जाण्याआधी बदला.